अप्पांच्या लॉरीचं इंजिन

गेल्या वर्षी सहा महिन्यांचे सगळे रविवार आणि साठलेल्या सगळ्या रजा घालवून मी आमच्या अंगणात एका जुन्या लॉरीचं सहा सिलिंडरचं इंजिन उतरवलं, पूर्ण खोललं, पुन्हा बांधलं आणि जागेवर बसवलं. हे लिहिताना मला अभिमान वाटतो आणि तो मी लपवणार नाही. पण ते इंजिन मुळात बिघडवलं कोणी, हे आधी सांगितल्याशिवाय तो मला शोभणार नाही. मीच बिघडवलं होतं.

लॉरी अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची. निपाणीकडून गूळ भरायचा आणि बेंगळुरात यशवंतपूरच्या बाजारात उतरवायचा, हा त्यांचा धंदा. इंजिनाचं काम बाजारामागच्या एका मिस्त्रींकडे. ते बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातले. बोलण्यात निम्मी कन्नड. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांची एक रीत होती. इंजिन उघडलं की पुसायला, भोकं झाकायला लागणारे बनियनचे तुकडे ते मोजून बाकावर ठेवायचे आणि इंजिन बंद करण्याआधी पुन्हा मोजायचे. एक जरी कमी भरला तरी जेवायला उठायचे नाहीत. मी तेव्हा डिप्लोमा करून सरकारी कारखान्यात तपासणी विभागात नुकताच लागलो होतो. मला त्या मोजणीचं हसू यायचं.

अण्णांनी इंजिन नव्यानं बांधून दिलं. महिन्याभरानं अप्पांनी मला फक्त तेल बदलायला सांगितलं. मी शहाणपणा करून तळाचं तेलाचं चेंबरही उतरवलं, तेल ओढणाऱ्या नळीची जाळी धुवायला काढली आणि नळीत कचरा जाऊ नये म्हणून तिच्या तोंडात माझ्याच फाटक्या बनियनचा तुकडा कोंबला. आईनं जेवायला हाक मारली. जेवून आलो, जाळी बसवली, चेंबर चढवलं, तेल भरलं. तुकडा आतच राहिला.

तेलाच्या दाबाचा काटा त्या लॉरीत कधीचाच बंद पडलेला. दोन दिवस कसंबसं तेल झिरपत राहिलं असावं. तिसऱ्या दिवशी तुमकूर रस्त्यावर, भरल्या गाडीत, इंजिन जाम झालं. गाडी ओढून अंगणात आणली, तेव्हाच मला काय झालं ते कळलं. दुसऱ्या दिवशी अण्णा यायचे होते. त्याआधी, अप्पा बाजारात गेलेले असताना, मी चेंबर उतरवलं, तो काळा तुकडा पक्कडीनं ओढून काढला, आंघोळीच्या पाण्याच्या बंबात जाळला आणि चेंबर परत चढवलं.

अण्णांनी येऊन सगळं उघडलं. जाळी पाहिली, नळीत फुंकून पाहिलं. नळी स्वच्छ. "असं होत नाही," एवढंच पुटपुटत राहिले. पुढं बाजारात, चार माणसांसमोर, अप्पा त्यांना म्हणाले, "अण्णा, तुझ्या हातात आता काही राहिलं नाही." मी शेजारी उभा होतो.

इंजिन पुन्हा बांधायचा खर्च झेपणारा नव्हता; लॉरी अंगणातच राहिली आणि अप्पांनी धंदा सोडून गोदामात नोकरी धरली. अण्णांकडे येणाऱ्या लॉऱ्या दुसरीकडे जाऊ लागल्या. मी चोवीस वर्षं कारखान्यात इतरांच्या कामातल्या चुका शोधून त्यावर शेरे मारले आणि रोज संध्याकाळी त्या लॉरीला वळसा घालून घरात शिरलो.

गेल्या वर्षी अप्पा, आता एक्याऐंशीचे, एकदा म्हणाले, "भंगारवाल्याला बोलव. आता बघवत नाही."

"मला सहा महिने द्या. मी चालू करतो."

"तिला रस्त्यावर कोण जाऊ देणार आता?"

"रस्त्यावर नको. चालू झाली म्हणजे झालं."

लोखंडी तिवई आणली, साखळीच्या पुलीनं इंजिन वर घेतलं. बेअरिंगं जळून निळी पडली होती. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, घासून घ्यायला पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत नेला, तर तिथल्या कारागिरानं बोट फिरवून विचारलं, "बिनतेलाची चालवली का हो?" मी "हो" म्हणालो. चोवीस वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, तेही अनोळखी माणसाशी.

नवे लायनर, नवे पिस्टन. प्रत्येक बोल्ट मोजून आवळला, आणि तुकडेही मोजले. अकरा आत, अकरा बाहेर. बायको म्हणायची, "त्या इंजिनाचं नशीब थोर. माझ्या स्वयंपाकघरातला नळ दिवाळीपासून गळतोय." पण ज्या दिवशी क्रँक बसवून मी तो नुसत्या हातानं फिरवला आणि तो लोण्यासारखा फिरला, त्या दिवशी तीही पदर खोचून फिरवायला आली.

शेवटी डिझेल पंप इंजिनाच्या ठोक्याशी जुळवायचा राहिला. ते मला जमेना. दुसरा मिस्त्री मिळाला असता. मी अण्णांकडे गेलो. त्याच दुकानात, पंचाहत्तरीचे, चष्म्याला दोरी बांधलेले. मी उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. ते हातातला पाना पुसत राहिले.

"बनियन कुणाचं होतं?"

"माझंच."

"म्हणजे घाण तुझी, आणि चोवीस वर्षं वास माझ्या अंगाला." मग म्हणाले, "पंप लावतो. पण आधी तुझ्या अप्पाला सांग. त्याशिवाय त्या अंगणात मी पाय ठेवणार नाही. सरी, पटलं?"

माझा बेत वेगळा होता. आधी इंजिन चालू करायचं, अप्पा खूश झाले की हळूच सांगायचं. कबुलीतही मला शाबासकी हवी होती. अण्णांनी ती वाट बंद केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. अप्पांनी कप खाली ठेवला.

"तुकडा कुठं टाकलास?"

"बंबात जाळला."

"त्याच बंबाच्या पाण्यानं आंघोळ करून मी अण्णाला बोलायला गेलो."

मला वाटलं, आता ओरडतील. ते उठून आत गेले आणि धुतलेला सदरा घालून बाहेर आले. "कार काढ. यशवंतपूर."

दुकानात अण्णा एकटेच होते. अप्पा दारातच थांबले. "अण्णा, चार माणसांत बोललो होतो. चार माणसं बोलव."

"त्यातली दोन वारली," अण्णा म्हणाले. "स्वल्प उशीर केलास."

मग टायरवाल्याला आणि चहावाल्याला बोलावून, अप्पा आणि अण्णा धरून, चारांची संख्या पुरी केली. त्या दोघांना काही ठाऊक नव्हतं, तरी ते हात पुसून गंभीर उभे राहिले. अप्पा म्हणाले, "याचं काम चोख होतं. मी खोटा आळ घेतला." मग माझ्याकडे वळले. "आता तू." मी त्या चौघांसमोर बनियनपासून बंबापर्यंत सांगितलं. अण्णांनी मध्ये एकदाही मला अडवलं नाही, सोपंही केलं नाही. संपल्यावर म्हणाले, "चला, पंप बघू."

रविवारी ते आले. पंप जुळवला, नळ्यांतली हवा काढली. मी तेलाच्या दाबाचा काटाही नवा बसवला होता. डिझेल बंद ठेवून आधी नुसतं इंजिन फिरवलं. काटा थरथरला आणि वर चढला. तेल पोचत होतं. मग डिझेल सोडलं. दोनदा खोकून तिसऱ्यांदा इंजिनानं धरलं. अंगणभर पांढरा धूर, मग तो विरला आणि एक सलग, जड आवाज राहिला. अण्णांनी लांब पान्याचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून सहाही सिलिंडर ऐकले.

"कसं आहे?" मी ओरडून विचारलं.

"मी बांधलं असतं तर असंच," ते ओरडले.

कारखान्यात मला दोनदा बक्षीस मिळालं आहे. ती दोन्ही मी या वाक्यावरून ओवाळून टाकीन.

आवाजानं शेजारच्या नव्या इमारतीतली एक बाई फाटकाशी आली. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात जाणारी, हिंदी बोलणारी. काय चाललंय, विचारू लागली. अप्पा खुर्चीवरून उठले आणि त्यांच्या मोडक्या हिंदीत म्हणाले, "मेरे बेटे ने बनाया. बिगाडा भी उसी ने था."

दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच चढ्या आवाजात सांगितली. ती बाई हसली, तिला ती थट्टा वाटली. मी मान हलवून म्हणालो, "हाँ, दोनों सच है," आणि इंजिन आणखी थोडा वेळ चालू ठेवलं.