ताट्या काढलेला कूलर

माय अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये कामाले होती. कापूस उचलायचा, मशिनीच्या तोंडात घालायचा. नाकाले पदर बांधला की झाली सेफ्टी. आता तिच्या छातीत काय उरलं ते डॉक्टरनं एक्सरे उजेडापुढं धरून मले दाखवलं. मले घंटा समजलं नाही, पण मी मान अशी हलवली, की जसा दुसरा डॉक्टर मीच हाय. डॉक्टर म्हणे, "गेलं ते परत येत नाही. आहे ते सांभाळा. धुरापासून दूर ठेवा."

दूर म्हणजे कुठं नेऊन ठेवू? आमची गल्ली अमरावतीच्या पार शेवटाले. मागं वावरं. कापूस वेचून झाला की लोक पऱ्हाट्या उपटते आन तिथंच पेटवून देते. पुढं गल्लीच्या तोंडाशी रिकाम्या प्लॉटवर आमचीच गल्ली कचरा जाळते, प्लास्टिकच्या पन्न्यांसकट. मागचा धूर आन पुढचा धूर, दोन्ही आमच्या एका खोलीत येऊन गळाभेट घेते. बाबा अजून अकोल्यालेच, त्याच जिनिंगमध्ये. रविवारी येते, मायच्या खाटेजवळ बसते, सोमवारी जाते.

मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. एका माणसानं चारी बाजूनं फिल्टर लावून खोका बनवला आन त्याले पंखा बसवला. खोलीतली हवा फिल्टरमधून ओढायची, साफ करून परत खोलीतच सोडायची. मी पाहून राहिलो, पाहून राहिलो, आन मले वाटलं, बाप्पा, हा तं आपला कूलर हाय. पंखा समोर, तीन बाजूले गवताच्या ताट्या. ताट्या काढा, फिल्टर लावा.

गच्चीवरून कूलर उतरवला. टाकीतून मागच्या उन्हाळ्यातली वाळलेली पाल निघाली. राजापेठेतून चुण्याचुण्यावाले फिल्टर आणले, ते मापात बसेना. मंग पुठ्ठे कापले, फटी चिकटपट्टीनं बुजवल्या. पाण्याची मोटर काढून टाकली. माय खाटेवरून पाहून राहिली होती.

"पानी कुठून टाकतं याच्यात?"

"पानी नाई टाकत, माय. हा कोल्डा, बिनपान्याचा कूलर हाय. हवा धुते."

"हवा धुते," माय म्हणे. "तुहे कपडे धुईन का?"

खोलीच्या मधात ठेवला, दार-खिडकी लावली, उदबत्ती पेटवून जवळ धरली. धूर वाकला आन सरळ फिल्टरकडे गेला. त्या दुपारी माय आडवी होऊन झोपली. तोवर ती बसूनच झोपायची, उशीले पाठ लावून. मी तिथंच खाली बसून तिचं पोट वर-खाली होताना पाहत राहिलो. मले वाटलं जमलं.

पण आमच्याकडे कूलर चालू असला की दार उघडं ठेवते, नाही तं उमस होते. हे लहान लेकरालेही माहीत हाय. त्याच्यामुळं जो मायले पाहायले येई, तो पहिले दार उघडे. समोरची काकू तं दोन्ही फाळक्या भिताडाले टेकवून मंग आत येई.

"काऊन रे पोट्ट्या, कूलर चालू आन दार बंद? मारतं का मायले उमसीनं?"

"काकू, हा कूलर नाई, फिल्टर हाय. दार बंद लागते."

"कूलर हाय तं कूलरच म्हन. मले शिकवून राहिला का?"

दहा वेळा समजावलं. मंग मी आतून कडी लावणं सुरू केलं. काकूनं कडी वाजवली, मी आतून म्हटलं, माय झोपली हाय. माय झोपली नव्हती. दुसऱ्या दिवशीही तसंच. आमच्या गल्लीत दिवसा दार लावलं म्हणजे घरात भांडण हाय, नाही तं ज्याच्यापासून लांब राहावं असा रोग हाय. गल्लीनं रोग धरला. लोक यायचे थांबले.

मायची छाती बरी होती, पण माय बोलेना. दाराकडे पाहे. बाहेर भाजीवाला ओरडला की मान उचले. आयुष्यभर मशिनीच्या आवाजात बाया एकमेकींच्या कानाले लागून बोलल्या, त्याच्याशिवाय तिले करमत नाही.

म्हटलं, गल्ली मी आत आणतो. नकला मले लहानपणापासून येते. शाळेत हेडमास्तरच्या नकलेसाठी मार खाल्ला तोही हेडमास्तरच्याच आवाजात रडत. खाटेसमोर उभा राहिलो, पदर घेतल्यासारखा टॉवेल घेतला आन काकू झालो. "बाप्पा बाप्पा, तुले सांगतो कोनाले सांगू नोको, म्या सगळ्याईले सांगतलं हाय." माय हसली. पोटातून हसली. आन ते हसू मधातच फुटलं, खोकला लागला तो थांबेना. ओठ निळसर पडले. मी टॉवेल डोक्यावर घेऊन तसाच उभा, तिची पाठ चोळून राहिलो. खोकला थांबल्यावर माय हळूच म्हणे, "आता नोको करू." मी नाही केलं. मी मुक्यासारखा फिरलो घरात. मले दुसरं येते काय?

मंग एका संध्याकाळी वावरं पेटली. खिडकीच्या काचेबाहेर पांढरं झालं. माय म्हणे, "दार उघड."

"माय, लय धूर हाय."

"असू दे. काकूले आवाज दे. बसू दे घडीभर."

मी कूलर बंद केला. दार उघडून उंबऱ्यात उभा राहिलो. डोळ्यातून पाणी येऊन राहिलं. काकूचं दार बंद. तिच्या बाजूचं बंद. पूर्ण गल्लीत एक दार उघडं नव्हतं, धुरानं सगळ्यांनी लावून घेतलं होतं. काकूले दोन आवाज दिले. आतून टीव्हीचा आवाज वाढला, का मले तसं वाटलं, माहीत नाही.

मायनं खाटेवरून सगळं पाहिलं. पदर नाकाले लावला.

"लाव," म्हणे.

मी दार लावलं, कूलर चालू केला. थोड्या वेळानं हवा साफ झाली, मले नाकाले लगेच समजते. माय भिताडाकडे तोंड करून बसली होती. तिचे खांदे दर श्वासाले वर जाऊन राहिले होते. हवा होती, तिले ती आत ओढता येऊन नव्हती राहिली. मी फिल्टरच्या एका फटीवर आणखी एक पट्टी चिकटवली. ती फट आधीच बुजलेली होती.