दोन फुटांचं अर्थिंग

तिठ्यावर उतारा दिसला तर त्यातला नारळ फोडून खाणारा माणूस मी. राजारामपुरीत माझं सोलर बसवून द्यायचं दुकान आहे, आणि आमच्या धंद्यात मीटर दाखवेल तेच खरं. तरीही हे लिहितोय... घरात सांगायची लाज वाटते म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात कोडोलीत एका मावशींच्या घरावर पॅनेल बसवली. मावशी एकट्या, चार म्हशींच्या दुधावर घर. पॅनेलजवळ एक उंच दांडा लावतात, लायटनिंग अरेस्टर. वीज त्यावर पडली की पट्टीवरून खाली येते आणि जमिनीत दहा फूट पुरलेल्या रॉडमधून खोल जाऊन विरते. हे अर्थिंग. पण मावशींच्या अंगणात दोन फुटांवरच काळा पाषाण लागला. बोअरचं मशीन आणायचं तर आणखी एक दिवस मोडणार, आणि राधानगरीचं गिऱ्हाईक फोनवर फोन करत होतं. मी रॉड कापला. दोन फुटांचा तुकडा पुरला, वर मीठ-कोळसा, झाकण, फोटो... झालं काम! वरून कुणाला काय दिसतंय?

वर शहाणपणा बघा — जाताना सवयीनं सांगितलं, "मावशी, दर शनिवारी यात बादलीभर पाणी घाला. अर्थिंग चांगलं ऱ्हातं."

मावशींनी तो नेमच धरला. महिन्यानं इन्व्हर्टर बघायला गेलो, तर खड्ड्याच्या झाकणावर हळदकुंकू!

"इजंपासनं राखतोय न्हवं त्यो," मावशी म्हणाल्या. मी मान खाली घालून चहा प्यालो आणि निघालो.

मग मे महिन्यातला तो शनिवार. दुपारी चारच्या सुमाराला पन्हाळ्याच्या बाजूला वळवाचं आभाळ काळंकुट्ट झालं. मी दुकानात काउंटरवर. म्हशींचं आवरून मावशी याच वेळेला खड्ड्यात पाणी घालतात, हे मला माहीत होतं. वीज पडली तर दोन फुटांत ती विरणार नव्हती, खड्ड्याभोवतीच फुटणार होती. फोन हातात घेतला. पण सांगणार काय? लांब राहा म्हटलं तर त्या का म्हणून विचारणार. फोन खाली ठेवला. हो, ठेवला. एका बाईच्या जिवापेक्षा मला माझी अब्रू मोठी वाटली.

अर्ध्या तासानं त्यांचाच फोन.

"पावणं, इज पडली! झाकण उडून गोठ्यात गेलं, माजी बादली जळाली. तुमी वराडला नसतासा तर मी तितंच हुते की! आन् एवढ्या पावसात कुटं गेलासा? च्या ठेवलाय."

"मावशी, मी दुकानात हाय..."

"मस्करी करतासा व्हय? ह्या डोळ्यांनी बघितलं की!"

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोअरचं मशीन घेऊन गेलो. इन्व्हर्टर जळून कोळसा झालेला. शेजारचे चाचा सायकल थांबवून म्हणाले, "काल फाटकात तूच हुतास की! ह्योच निळा शर्ट."

दुकानाचं सीसीटीव्ही मी आदल्या रात्रीच बघितलं होतं. त्या वेळेला मी काउंटरवरच आहे — निळ्या शर्टात, डोकं दोन्ही हातांत धरून. जागचा हललेलो नाही.

दहा फूट बोअर मारलं, अख्खा रॉड घातला, मीटर लावून बघितलं. मग मात्र राहवेना. गोठ्यात मावशी शेण भरत होत्या.

"मावशी, एक सांगायचं हुतं. त्यो पयला खड्डा..."

"दोनच फुटांचा हुता," त्या म्हणाल्या.

रॉड कापला तेव्हा तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"तुमीच की! फाटकात हुबं ऱ्हाऊन. 'मावशी, लांब व्हा, खड्डा खोटा हाय, मी रॉड कापलाय.' ढसाढसा रडत हुतासा. म्हणून तर मी बादली टाकून पळाले."

"मग काल फोनवर काय बोलला न्हाईसा?"

मावशींनी हात धुतले, पदराला पुसले. "म्हटलं, बघू. रागाचं काय, त्यो काल रातभर आलता. पर आज तुमी सांगतासा का न्हाय, तेवडं बघायचं हुतं." आणि चहा ठेवायला आत गेल्या.

त्यानंतर मी सगळ्या जुन्या साइट्स पुन्हा तपासल्या. आणखी दोन खड्डे उकरून नव्यानं केले. पण त्या दुपारी फाटकात कोण उभं होतं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही. कुणाला ठाऊक असेल तर सांगा... मला एवढंच माहीत आहे, की जायला हवं होतं मी, आणि मी गेलो नव्हतो.