बाजेखालची पिशवी

हे मी आजवर कुणाजवळही बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, ज्यांच्या शेजारी बसून आयुष्यभर बातम्या लिहिल्या त्यांच्याजवळ नाही. बातमीत सर्वांत महत्त्वाचं ते पहिल्या वाक्यात यावं, असं मी नव्या पोरांना शिकवत आलो. इथे मला ते जमत नाहीये — आजूबाजूने यावं लागेल.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालना जिल्हा व्हायचा होता. अंबड तालुका तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात मोडायचा. मी औरंगाबादच्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि स्वतःचा कॅमेरा असल्यामुळे फोटोही काढायचो. नागपंचमी आली की आमच्या रविवार पुरवणीत दर वर्षी एकच फोटो जायचा — गारुड्याच्या टोपलीतला, दात काढलेला नाग. त्या वर्षी मी बैठकीत म्हणालो, मी रानातले साप आणतो, रात्रीचे. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच म्हणालो.

त्याच तालुक्यातल्या वडीगोद्रीला माझे एक स्नेही होते, खरात गुरुजी. प्राथमिक शाळेत शिक्षक. ते, त्यांची पत्नी सुमन आणि आई — घरात तीन माणसं, एक खोली, पुढे ओटा. बौद्ध कुटुंब. त्यांच्याकडे मी जेवतो, मुक्कामाला राहतो, याचं मला कौतुक होतं — त्यांचं नव्हे, माझं स्वतःचं. हेही आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

मी त्यांच्याकडे पोचलो त्या संध्याकाळी गुरुजींच्या आईने बांधावरून कुर्डूची भाजी खुडून आणली होती. मी ओट्यावर बसून कॅमेरा पुसत होतो. सुमनवहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "भाऊजी, माणसं संपली का तुमच्या औरंगाबादेतली? लांबड्याचे फोटू काढून राह्यले ते."

"माणसं हलतात, वहिनी."

"मंग साप काय बसून राह्यतो व्हय तुमच्यासाठी?"

म्हातारी मात्र हसली नाही. "फोटू काढा, काही करा. जनावर घरात आणायचं न्हाई, सांगून ठेवते."

"माय, ते फोटू घेऊन येणार हायेत, साप न्हाई," गुरुजी म्हणाले.

मी म्हणालो, "बिलकुल नाही आणणार."

जेवण झाल्यावर गुरुजी बॅटरी धरून माझ्याबरोबर आले. उसाच्या कडेकडेने, विहिरीच्या दगडांमधून बराच वेळ हिंडलो. बेडूक भेटले, एक धामण भेटली, ती थांबली नाही. शेवटी बांधावरच्या दगडांच्या राशीपाशी मण्यार सापडली. काळी, अंगावर बारीक पांढरे पट्टे. पण मण्यारीची एक सवय असते — उजेड पडला की ती वेटोळं करते आणि डोकं वेटोळ्याखाली खुपसते. फ्लॅशचा बल्ब एकदा उडाला की वाया जातो. माझे खिशातले सगळे बल्ब उडाले आणि एकाही फोटोत डोकं आलं नसणार, हे मला तिथेच कळलं. बाकीचे बल्ब गुरुजींच्या घरी, माझ्या सामानात होते. गुरुजी पेंगुळले होते, त्यांना सकाळची शाळा होती. मी त्यांना म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, मी तिला सोडून मागोमाग येतो.

मी तिला सोडलं नाही. काठीने उचलून कापडी पिशवीत घातलं आणि तोंड बांधलं. पहाटे ती शांत झाली की अंगणात दगड मांडून, अंधारातच, हवा तसा फोटो काढायचा होता. रानातला म्हणून छापायचा होता. पिशवी मी बाजेखाली सरकवली.

घरात बाज एकच होती. ती पाहुण्याला. मी नको नको म्हटलं, वहिनींनी ऐकलं नाही. ते तिघे खाली, गोधड्यांवर.

मध्यरात्रीनंतर मला जाग आली. हात खाली घालून पिशवी चाचपली तर ती सपाट लागली. शिवण उसवलेली होती. मी बॅटरी लावली, काचेवर हात धरून, कुणी जागं होऊ नये म्हणून. भिंतीच्या कडेने पाहिलं, चुलीपाशी पाहिलं, मोरीचं भोक पाहिलं. तिघे झोपलेले होते. एक हाक मारली असती तर तिघेही उठून ओट्यावर गेले असते. मग म्हातारी काय बोलली असती? गुरुजींनी माझ्याकडे कसं पाहिलं असतं? — या दोन प्रश्नांपलीकडे माझं डोकं गेलं नाही. मोरीतून गेली असेल, असं मी ठरवलं. बॅटरी बंद केली आणि पाय बाजेवर ओढून घेतले.

आता सगळ्यात वाईट सांगून झालं असं वाटेल. तसं नाही.

उजाडता उजाडता वहिनींच्या पोटात कळा येऊ लागल्या. चावल्याची कसलीच वेदना नाही, सूज नाही, फक्त पोट. म्हातारी म्हणाली, भाजी बाधली. रात्री वहिनींनी पातेलं पुसून खाल्लं होतं. थोड्या वेळाने त्यांचा आवाज जड झाला, पापण्या उघडेनात. मण्यार चावली की आधी पोट दुखतं, मग पापण्या मिटत जातात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. तोपर्यंत मला खात्री नव्हती असं म्हणता आलं असतं. पापण्या पाहिल्यावर तीही सोय राहिली नाही.

गुरुजींनाच शंका आली. "साहेब, काही चावलं तर न्हाई ना? तुमाला सापाचं कळतं. जरा बघा."

मी खाली बसलो. वहिनींचे पाय पाहिले, हात पाहिले, मानेमागे पाहिलं. आणि म्हणालो, "दात उमटलेले दिसत नाहीत."

वाक्य खरं होतं. मण्यारीचे दात बहुधा दिसत नाहीतच. पण ते मी बोललो नाही. बातमीदाराला अशी वाक्यं लिहिता येतात — कुठेही खोटं नसलेली, आणि वाचणाऱ्याला भलतीकडे नेणारी.

दूध नेणाऱ्या जीपमधून त्यांना तालुक्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, काही चावलंय का? गुरुजी माझ्याकडे हात करून म्हणाले, "ह्यांनी बघितलं. न्हाई म्हणले." मी तिथेच, दोन हातांवर उभा होतो. मी 'नाही' म्हणालो नव्हतो. पण दुरुस्तीही केली नाही. अन्नातून विषबाधा धरून उपचार सुरू झाले. वहिनींना श्वास घेणं जड जाऊ लागलं, तेव्हाही मी व्हरांड्यातच होतो. संध्याकाळ व्हायच्या आत त्या गेल्या.

फोटो रविवारी छापून आला. त्यात डोकं दिसत नव्हतं. संपादकांना तो आवडला.

त्यानंतर गावात बोललं जाऊ लागलं. सुनेनं काय खाल्लं, म्हणजे सासूनं काय घातलं. कुणी तोंडावर म्हणत नव्हतं, पण म्हातारीच्या हातचं कुणी काही घेईना. तिने स्वतःच चुलीपाशी जाणं सोडलं. पुढे ती हसनाबादला लेकीकडे राहायला गेली. हे सगळं मला गुरुजींच्या बोलण्यातून कळत होतं. ते औरंगाबादला आले की मला भेटत, आणि मी त्यांना भेटत होतो. तेही जमत होतं मला.

काही वर्षांनी असेच ते आले. कचेरीबाहेर टपरीवर आम्ही चहा घेत होतो.

"साहेब, एक विचारू का? माय लई थकली आता. ती इचारून राह्यली, त्या दिवशी भाजीत दुसरा कसला पाला आल्ता का म्हणून. मी म्हणलं, मला काय ठाऊक. तर म्हणती, त्या फोटूवाल्याला इचार, ते बी जेवले होते, ते खरं सांगतील."

भाजीत काही नव्हतं. मी खाल्ली होती, गुरुजींनी खाल्ली होती, म्हातारीने खाल्ली होती. एवढंच बोललो असतो, पिशवीबद्दल एक अक्षरही न बोलता, तरी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं. पण भाजी नाही तर मग काय — हा पुढचा प्रश्न मला दिसत होता.

"आता सांगता येत नाही, गुरुजी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, चहा संपवला आणि ते हसनाबादच्या गाडीकडे गेले. आईला त्यांनी काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. त्यांना शब्द बदलायची सवय नव्हती.