सगळ्या गल्लीचे चार

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एकदा सांगायला लागले की मध्ये कुणी दात काढलेले मला चालत नाहीत. आणि चूक माझीच आहे, बिल्कुल माझी!

कृष्णपुऱ्याजवळ आमची गल्ली. तिथे एक दिवस प्राची नावाची पोरगी आली. पलासियाकडच्या कॉलेजात शिकते. हातात कागदांचा हा गठ्ठा! तब्येत कशी, झोप कशी, मन रमतं का, असे प्रश्न विचारायचे आणि माणसाने एक ते पाचपैकी नंबर सांगायचा. बिचारीला कुणी दारच उघडेना. लोकांना वाटलं, पाण्याचा फिल्टर विकायला आली. मग मीच तिला घेऊन घरोघर फिरले. माझी हाक ऐकून दार न उघडायची हिंमत आहे कुणाची?

जाताना म्हणाली, "काकू, पंधरा दिवसांनी परत येईन. हीच घरं, हेच प्रश्न. दोन्ही वेळची उत्तरं जुळतात का ते बघायचंय. माझा सगळा प्रोजेक्ट तुमच्या गल्लीवर आहे हो!"

झालं! मी काय समजले? परीक्षा! चौथीनंतर माझी कुणी परीक्षा घेतली नव्हती. आता घेतली, तर गल्लीसकट नापास व्हायचं? आणि वर पोरीचं नुकसान? हट्!

पंधरा दिवस भरायच्या आदल्या दुपारी सगळ्या बायकांना माझ्या ओट्यावर बसवलं.

"बोला, मागच्या वेळी काय काय सांगितलं होतं?"

सगळ्यांचे चेहरे कोरे. समोरची पुष्पा, पायाला प्लास्टर, ती म्हणाली, "भाभी, मेरे को तो सुबह की सब्जी याद नहीं."

खरं सांगू? माझंही मला आठवत नव्हतं. पण तसं कबूल करते की काय मी!

"मी होते ना सोबत. बहुतेकांनी चारच सांगितलं होतं. तर उद्या सगळ्यांनी चार म्हणायचं. पाचमध्ये घमेंड दिसते, तीनमध्ये रडगाणं."

"और सवाल समझ में नहीं आया तो?"

"चार!"

"आ गया तो?"

"तब भी चार!"

दुसऱ्या दिवशी प्राची आली. ती विचारतेय, मी मागे दारात उभी, मास्तरीणबाईसारखी डोळे वटारून.

"आंटीजी, चलने-फिरने से आप कितनी संतुष्ट हैं?"

"चार!" पुष्पा ठणकावून म्हणाली. पाय प्लास्टरमध्ये, उशीवर ठेवलेला. प्राचीने पायाकडे पाहिलं, पुष्पाने माझ्याकडे. मी मान डोलावली. शाब्बास!

"और पिछले पंद्रह दिन में कितनी बार मन उदास..."

"चार!"

"आंटीजी, सवाल तो पूरा सुनिए."

"चार है बेटा, चार. तू लिख ले."

शेवटचं घर झालं आणि प्राची माझ्या ओट्यावर मटकन बसली.

"काकू, या कागदांप्रमाणे तुमची सगळी गल्ली आयुष्यावर खूश आहे. आणि सगळ्या गल्लीला जवळजवळ रोज उदास वाटतं."

"असं कसं?"

"उदासीच्या प्रश्नात चार म्हणजे बहुतेक दिवस उदास."

मी भडकलेच. "मग आधी सांगायचं ना! परीक्षेत असे फसवे प्रश्न घालतात होय?"

"परीक्षा? कुणाची?"

"आमची!"

"तुमची नव्हती हो काकू, या प्रश्नांची होती! माणूस तसाच असेल तर उत्तरही तसंच येतं का, म्हणजे हा कागद भरवशाचा आहे का, एवढंच बघायचं होतं. आता ही सगळी गल्ली बाद." आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी.

मी उठून आत गेले. चहा ठेवला. तिने कपाला हात लावला नाही. मला काही राहवेना.

"हे बघ, रडायचं नाही! माझी बहीण देपालपुरात राहते. आमच्याहून मोठी गल्ली आहे तिची. सगळं पहिल्यापासून करू. मी पंधरा दिवस तिथेच मुक्काम टाकते. बघू कोण दार उघडत नाही ते!"

प्राचीने डोळे पुसले. पेन काढलं, बहिणीचा पत्ता नीट लिहून घेतला. चेहरा खुलला पोरीचा! मला इतकं बरं वाटलं म्हणता, मी तर मनातल्या मनात बॅगही भरली.

"मग? कधी निघायचं आपण?"

तिने गार झालेला चहा एका घोटात संपवला, पिशवी खांद्याला लावली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मी उद्या सकाळच्या बसने जाते, काकू. तुम्ही इथेच थांबा. आणि प्लीज, बहिणीला फोनसुद्धा करू नका."