हिमोग्लोबिन उत्तम

कृपाच्या डाव्या पायातली स्लीपर ऑपरेशन थिएटरच्या दारातच राहिली आणि ती एकाच स्लीपरवर टेबलापर्यंत चालत आली. सिस्टर हसल्या. "मॅडम, तुमची एक चप्पल तिकडंच राहिली." कृपाने वाकून पायाकडे पाहिलं. "अगं बाई, हो की," म्हणाली आणि तीही हसली. मी सिरिंजमध्ये औषध भरत होते. माझा हात तिथेच थांबला.

मी अ‍ॅनेस्थेटिस्ट, म्हणजे भूल देणारी डॉक्टर. लोकांना वाटतं, आमचं काम माणसाला झोपवायचं. झोपवणं सोपं असतं हो. होता तसा परत उठवायचा, याचे पैसे घेतो आम्ही. नगरमध्ये आमची जमात कुठल्या एका हॉस्पिटलची नसते. (जिल्ह्याचं नाव बदललं, माझ्या तोंडात अजून नगरच येतं.) सकाळी सावेडीत सिझेरियन, दुपारी भिंगारला हर्निया, मधल्या वेळात स्कूटर. रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि पेशंट पुष्कळदा थेट टेबलावरच भेटतो. हे बरोबर नाही, हे आम्हालाही कळतं. पण चालतं तसं.

कृपा तर पेशंट नव्हतीच. भिंगारच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. आता ती मुलींच्या शाळेत गणित शिकवते. पित्ताशयात खडे झाले होते, जेवलं की पोट धरून बसायची. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं ठरलं, आणि "भूल तूच द्यायचीस" असा तिचा हुकूम होता. आदल्या दिवशी रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन तेराच्या वर, शुगर नॉर्मल, ईसीजी ठीक. माझे स्वतःचे रिपोर्ट इतके चांगले नाहीत.

पण पायातली चप्पल निसटलेली ज्याला कळत नाही, त्याच्या पायाची खबर मेंदूपर्यंत पोचत नसते. असे पेशंट मी पाहते, ते जुने डायबेटिसवाले असतात. कृपाला डायबेटिस नव्हता. मग एका गोष्टीचा संशय आला, आणि ती मला गेली काही वर्षं छळत होती.

कृपा दूध घेत नाही. दूध, दही, तूप, अंडं, काही नाही. मटण तर लांबच. हिच्या घरच्या नाताळच्या मटणासाठी आम्ही सगळ्या मैत्रिणी आठवडाभर आधीपासून आशा लावून बसायचो, म्हणून हे जास्तच नवल. तिचा नवरा प्रकाश पाथर्डीकडचा, गावाकडे त्याचा संकरित गाईंचा गोठा आहे. अशा गाईला गोऱ्हा झाला की त्याला कुणी विचारत नाही. तो दूध देणार नाही, आणि वशिंड नसल्यामुळे जुंपायलाही उपयोगाचा नाही. एका सुट्टीत कृपा गावी असताना असाच एक गोऱ्हा टेम्पोत चढवून नेला. कुठे नेला म्हणून तिने विचारलं, तर गोठ्यातल्या कुणीच उत्तर दिलं नाही. त्या दिवसापासून तिने दूध सोडलं. दुधाच्या जिल्ह्यात, दुधावर चालणाऱ्या घरात. सासर हसलं, नातेवाईक हसले, चर्चमधल्या बायका चहाला बोलवायच्या बंद झाल्या. मी हसले नाही, मी भांडले. "कॅल्शियमचं काय? बी-ट्वेल्व्हचं काय? मुकाट्यानं दूध पी," असं दर भेटीला सुनावायचे. ती दरवर्षी रक्त तपासून रिपोर्ट माझ्यापुढे धरायची. "बघ, हिमोग्लोबिन बघ." मी तो वाचून परत द्यायचे.

सिरिंज ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाले, "कृपा, इकडे ये. पाय जुळवून उभी राहा. आता डोळे मीट."

तिने डोळे मिटले आणि ती एका अंगावर कलली. सिस्टरांनी दंडाला धरलं नसतं तर पडलीच असती. सिस्टरांचं हसू गेलं. मी तिला टेबलावर बसवलं, डोळे मिटलेलेच ठेवायला सांगितले आणि तिच्या पायाचा अंगठा वर-खाली करत विचारत गेले, "आता कुठे आहे? वर की खाली?" गणिताच्या बाई एकामागून एक चुकत होत्या आणि आपण चुकतोय हे त्यांना कळत नव्हतं.

"कधीपासून आहे हे?"

"काय कधीपासून? मुंग्या येतात जरा हातापायाला. फळ्यावर लिहिताना खडू निसटतो. वय झालं आता."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय? तू म्हणाली असतीस, दूध पी."

खरंच तसंच म्हणाले असते. "बरं, मग तुझं हिमोग्लोबिन एवढं उत्तम कसं?"

"गोळी घेते ना. शाळेत आम्ही मुलींना रक्तवाढीची गोळी देतो. मुली म्हणतात, बाई, आधी तुम्ही घ्या. मग त्यांच्यासमोर घ्यावीच लागते. मला त्या गोळीनं बरं वाटलं, म्हणून मेडिकलमधून आणून घरी रोजच घ्यायला लागले. तूच म्हणतेस ना, रक्ताची काळजी घे?"

हे जरा समजावून सांगते. बी-ट्वेल्व्ह हे जीवनसत्त्व आपल्याला दूध, अंडी, मांस यांतून मिळतं. भाजीपाल्यात ते जवळपास नसतं. शरीरात त्याचा साठा असतो, म्हणून सोडल्यावर काही वर्षं कळत नाही. साठा संपला की दोन ठिकाणी नुकसान होतं, रक्तात आणि नसांत. नसांवर एक वेष्टन असतं, वायरवर असतं तसं, ते झिजायला लागतं. रक्त आधी बिघडलं तर बरंच, कारण रिपोर्टमध्ये दिसतं आणि डॉक्टर जागा होतो. पण रक्तवाढीच्या गोळीत लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड असतं, आणि ते रोज पोटात गेलं की रक्त सुधारतं. नसा मात्र झिजतच राहतात. छत गळतंय ते तसंच, भिंतीला तेवढा चुना मारलेला. गोळी वाईट नाही. त्या मुलींना तिची गरज आहे. कृपाला दुसरी गोळी हवी होती, एवढंच.

आता माझ्या भीतीचं कारण. भुलेत आम्ही अजूनही पुष्कळ ठिकाणी नायट्रस ऑक्साइड नावाचा वायू वापरतो. त्यालाच लोक लाफिंग गॅस म्हणतात. तो स्वस्त आहे, सवयीचा आहे. त्याचा एक दुर्गुण आहे. अंगात उरलंसुरलं बी-ट्वेल्व्ह तो निकामी करतो. धडधाकट माणसाला त्याने काही होत नाही. पण ज्याची घागर आधीच रिकामी आहे, तो स्वतःच्या पायांनी थिएटरमध्ये येतो आणि नंतर त्याचे पाय जातात. शिकत असताना आमच्या सरांनी असा एक पेशंट सांगितला होता. मी कधी पाहिला नव्हता. त्या सकाळी माझ्या मशीनचा नायट्रस जोडलेला होता, तपासलेला होता, चालू करायचा बाकी होता. ती स्लीपर जरा घट्ट असती तर मी तो चालूही केला असता.

सर्जन डॉ. काळे हात धुऊन आत आले. माझ्याहून वयाने लहान, हाताला चांगले, घाईला त्याहून चांगले.

"मॅडम, सुरू करायचं?"

"नाही. केस रद्द करते आहे."

"का? रिपोर्ट क्लिअर आहेत."

मी त्यांना बाहेर नेऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मग नायट्रस नका वापरू. ऑक्सिजन आणि दुसरा गॅस आहेच की. काम झालं."

मुद्दा बिनतोड होता. "पण डॉक्टर, बी-ट्वेल्व्ह हा अजून माझा अंदाज आहे. मानेत मणका सरकून मज्जारज्जू दबला असेल तरी पाय असेच होतात. मी श्वासाची नळी घालायला मान मागे केली आणि काही झालं तर? उद्या ती उठली आणि चालता आलं नाही, तर कशामुळे हे मी कुणाला सांगू?"

"आणि थांबलो, तेवढ्यात पित्ताशयात पू झाला तर?"

"तर रात्री बोलवा, मी येते," एवढंच म्हणाले. ते वैतागले, पण कपडे बदलायला गेले.

बाहेर प्रकाश उभा होता. "ताई, झालं व्हय येवढ्यात?"

"ऑपरेशन आज करत नाही, प्रकाशभाऊ. तिच्या पायांची आधी तपासणी करायची आहे."

"पायाची? दुखनं तर पोटाचं हाय!" मग त्याचा चेहरा उतरला. "म्या लई सांगितलं हुतं, दूध पी म्हनून. न्हाई ऐकलं. चालंल ना ती, ताई?"

"चालेल," म्हणाले मी. मला माहीत नव्हतं.

त्याच दिवशी रक्त पाठवलं. बी-ट्वेल्व्ह इतकं कमी, की मशीनने आकडाच दिला नाही, अमुक आकड्याच्या खाली एवढंच लिहून आलं. एमआरआयमध्ये मान ठीक निघाली, पण मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरा पट्टा दिसत होता, नसांच्या झिजेची खूण. फिजिशियन म्हणाले, "वेळेत आलात असं वाटतंय." त्या 'वाटतंय'वर मी पुढचे दिवस काढले.

इंजेक्शनं सुरू झाली. आता दोन्हीकडून धास्ती. पाय सुधारायला वेळ हवा आणि पित्ताशय वेळ देईल याची खात्री नाही. फोन वाजला आणि प्रकाशचं नाव दिसलं की पहिल्या रिंगलाच उचलायचे. एकदा त्याने "गोठ्यातल्या गाईला भूल देता येती का, ताई?" हे विचारायला फोन केला होता. मी त्याला नको ते बोलले.

त्याच सुमारास त्याने माझ्यादेखत कृपापुढे हात जोडले. "अर्धा कप घे. माझ्यासाठी घे." मीही तोंड उघडणारच होते. कृपाने विचारलं, "हे इंजेक्शन कशापासून करतात गं?"

"जिवाणूंपासून. कारखान्यात वाढवतात."

"कुठली गाय नाही ना त्यात?"

"नाही."

"मग रोज दे की! जन्मभर घेते. याची गोळीसुद्धा मिळते म्हणतेस? मग इतकी वर्षं दूध पी, दूध पी, असं काय लावलं होतंस?"

मी पाणी प्यायला आत गेले.

साधारण तीन आठवड्यांनी डॉ. काळ्यांचा फोन आला. कृपाला ताप, थंडी, पोटात असह्य कळ. पित्ताशय सुजलं होतं. आता थांबणं शक्य नव्हतं. मी पोचल्या पोचल्या नायट्रसचा सिलिंडर मशीनवरून सोडवला आणि थिएटरबाहेर नेऊन ठेवायला लावला. सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, नुसता बंद ठेवला तरी चालेल ना?" चालला असता. पण मला तो डोळ्यांसमोर नको होता.

ऑपरेशन लांबलं. पित्ताशय चिकटलेलं होतं. डॉ. काळे घामाघूम झाले, पण एका शब्दानेही त्यांनी मला 'बघा, तेव्हाच केलं असतं तर' असं ऐकवलं नाही. याबद्दल त्यांना मी अजून मानते. शेवटी नळी काढली. कृपाने डोळे किलकिले केले. पेशंटला शुद्ध आली की आम्ही नाव विचारतो, जीभ दाखवायला सांगतो. मी त्यातलं काहीच केलं नाही. "कृपा, पाय हलव," म्हणाले. काही नाही. "पाय हलव!" मी ओरडलेच. चादरीखाली आधी उजवा हलला, मग डावा. मग मी तिला नाव विचारलं.

ती आता चालते, शिकवते. अंधारात जिन्याला हात लावून उतरते, आणि डाव्या अंगठ्याचा बधिरपणा तेवढा राहिलाय. तो बहुधा राहीलच. दूध ती आजही घेत नाही. बी-ट्वेल्व्ह घेते, आणि वर्षातून एकदा आकडा मला पाठवते.

मी माझ्या कामात एक बदल केला. पूर्वी 'शाकाहारी का?' विचारायचे. 'हो' म्हटलं की पुढे जायचे, कारण आपल्याकडे शाकाहारी माणूस चहा-दही घेतोच, असं गृहीत असतं. आता पेशंटच्या कॉटशेजारी बसते आणि विचारते, "काय काय सोडलंय? सांगा. मी ओरडणार नाही." निम्म्या लोकांचा पहिल्यांदा विश्वासच बसत नाही. मग मी दुसऱ्यांदा विचारते.