अनारशावरची खसखस

डब्याचं झाकण काढलं आणि ते माझ्या हातातच राहिलं. आत अनारसे होते. वहिनींच्या थोरल्या बहिणीने, सुमाताईंनी, दिवाळीसाठी पुण्याहून आणलेले. वर खसखस घट्ट बसलेली.

मी इथे परदेशात, पुंगोल भागातल्या या फ्लॅटमध्ये, साहेब आणि वहिनींकडे स्वयंपाकाला आहे. मागच्या दिवाळीत खसखस आणायला गेले, तेव्हा दुकानदार हळूच म्हणाला होता, "यहाँ बंद है. अफीम में गिनते हैं. नाम भी मत लेना."

त्यांची मुलगी सई कॉलेजात पायलटची डिग्री करत होती. आधी वर्गात शिकायचं, मग शिक्षकाबरोबर विमान चालवायचं. पुढे सोलो, म्हणजे शेजारी कोणी नसताना एकटीने. त्याआधी मेडिकल. त्यात लघवी तपासतात, नशेचं काही सापडतं का तेही बघतात. तिचं मेडिकल उद्या सकाळी होतं.

डब्यात एक अनारसा कमी होता.

मला चारचौघांत बोलायला जमत नाही. तरी बाहेर जाऊन दुकानदाराचं सांगितलं.

सुमाताई हसल्या. "अगं, देवाला दाखवतो आपण. त्याने काय झिंग येते?"

सईने फोनवर शोधलं. तिचा चेहरा उतरला. "मावशी, टेस्टमध्ये येऊ शकतं. आणि मी खाल्लाय."

मग सगळेच घाबरले. साहेब ऑफिसातून आले, ते खिडक्या लावूनच बोलायला लागले. वहिनी सईला म्हणाल्या, एका अनारशाने काय होतंय, गप्प बस. सुमाताईंना पासपोर्टची काळजी. मला वर्क परमिटची. रांधणारी मी, पहिलं बोट माझ्याकडेच.

सई म्हणाली, "लपवलं आणि निघालं, तर मला विमानात कोण बसू देईल?"

तिने शिक्षकांना फोन लावून खरं ते सांगितलं. फोन स्पीकरवर ठेवला होता. वहिनींनी माझा दंड धरला होता.

"गुड यू टेल मी, लाह," शिक्षक इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाले, सांगितलंस ते बरं केलंस. उद्या येऊ नकोस, डॉक्टरांना मी कळवतो, पुढची तारीख घे.

अनारसे मी पाण्यात कालवून संडासात ओतले. नैवेद्याचं अन्न, आधी हात जोडले. पुढे कितीतरी दिवस बेल वाजली की पोलीस तर नाहीत ना, हे आधी दाराच्या भिंगातून बघायचे. कोणी आलं नाही. पण सईच्या वर्गातली मुलं सोलो करून आली आणि ती खाली उभी राहून बघत होती.

उशिरा का होईना, तिचं मेडिकल नीट झालं. सोलोही झाली.

आता अनारसे मी रव्यावर थापते. जाळी पडते, चव येत नाही. सुमाताई आल्या की नाक मुरडतात आणि खातात. परक्या देशात रांधायचं तर जिन्नस आधी विचारून घ्यावा. देवाला चालतो तो सगळ्यांना चालतोच असं नाही.