अठ्ठावीस पालकांना पत्र

सप्टेंबरात बटाटे निघायला लागले की आमच्या कालव्याकाठच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, थेट स्टार्चच्या कारखान्यापर्यंत. त्या रांगेतला प्रत्येक माणूस रुल्फीन बोल्हाउसला ओळखायचा, कारण बावीस वर्षं ती कारखान्याच्या वजनकाट्यावर बसलेली होती. कोणी ओली माती बटाट्याच्या भावात खपवायला बघितली की ती खिडकी उघडून ओरडायची, "एप्पो, कारखान्याला बटाटे हवेत, तुझं शेत नको!" एप्पो शिव्या घालायचा, पण पुढच्या खेपेला माल झाडून आणायचा.

त्रेचाळिसाव्या वर्षी तिने ती नोकरी सोडली. झालं असं, की तिच्या धाकट्या मुलीच्या वर्गाला शिक्षक नव्हता, म्हणून दर शुक्रवारी शाळा त्या मुलांना घरीच बसवायची. एक शुक्रवार नाही, दोन नाही, तीन महिने. पालकांची सभा झाली, आरडाओरडा झाला, "कोणीतरी काहीतरी करायला हवं" हे वाक्य दहा तोंडांतून आलं. रुल्फीन उठून म्हणाली, "बरं, मग मी होते शिक्षिका." लोक हसले. रागाच्या भरात बोलली असं सगळ्यांना वाटलं. रागाच्या भरातच बोलली होती, पण सप्टेंबरात तिने अध्यापक महाविद्यालयात नाव घातलं.

मी टोनिस, गावातल्या दुसऱ्या शाळेत शिपाई. नळ गळला, कॉफी संपली, झेरॉक्सचं यंत्र अडकलं की पोरं आणि बाया माझ्या नावाने ओरडतात. अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या वर्षी रुल्फीन आमच्याकडे सरावाला आली. नऊ-दहा वर्षांच्या मुलांचा वर्ग, अठ्ठावीस डोकी. वर्ग यांटीनाबाईंचा, त्या शिकवणार, रुल्फीन बघणार, मग थोडं थोडं शिकवणार, आणि यांटीनाबाई मागे बसून चुका सांगणार. नियमच तसा आहे. शिकाऊ माणसाने एकट्याने वर्ग घ्यायचा नाही.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात यांटीनाबाई सकाळी शिक्षकांच्या खोलीत कोट न काढता बसल्या आणि रडायला लागल्या. का रडताय विचारलं तर त्यांना सांगता येईना. मीच त्यांना गाडीने घरी सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, किमान सहा महिने शाळेचं नाव काढायचं नाही.

मुख्याध्यापिका मार्खाबाई रुल्फीनला म्हणाल्या, "एवढा आठवडा सांभाळ. मी कोणाला तरी शोधते."

त्यांनी शोधलं नाही असं मी म्हणणार नाही. फोन करताना मी त्यांना ऐकलंय. निवृत्त झालेल्यांना, बाळंतपणाच्या रजेवर असलेल्यांना, एकदा तर नव्वदीला टेकलेल्या एका जुन्या मास्तरांनाही. कोणी मिळालं नाही. आठवड्याचे दोन झाले, दोनाचे सहा. शुक्रवारी रुल्फीनचं कॉलेज असायचं, तेव्हा तिचा वर्ग इतर चार वर्गांत वाटून टाकायचे. सात-सात पोरं आपापली खुर्ची उचलून ओळीने दुसऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहायची. ती रांग बघून रुल्फीन एकदा मला म्हणाली, "टोनिस, मी हे थांबवायला आले होते. आता माझ्यामुळेच चाललंय हे."

"तुझ्यामुळे कसं?"

"मी नसते तर शाळेला सांगावं लागलं असतं ना, की वर्गाला शिक्षक नाही म्हणून. मी आहे, म्हणून कोणी विचारतच नाही."

वर्गात ती चांगली होती का? मला त्यातलं कळत नाही. आवाज चढायचा, हे खरं. गणितात एकदा फळ्यावर चूक केली, मुलांनी दाखवली, तिने मान्य केली. पण तिने एक गोष्ट पकडली, जी त्याआधी कोणी पकडली नव्हती. येल्टा नावाची मुलगी, केसांत कायम गवताच्या काड्या. मुलं वाचनाचा सराव टॅब्लेटवर करतात. उत्तर बरोबर आलं की हिरवा ठिपका. येल्टाचे सगळे ठिपके हिरवे. रुल्फीनने एक दिवस तिला टॅब्लेट बाजूला ठेवायला लावून पुस्तक वाचायला दिलं, आणि मुलीला दुसरी ओळ वाचता येईना. ती तीन वर्षं अंदाजाने बोट लावत होती. चुकलं तर यंत्र पुन्हा विचारायचं, पुन्हा लावायची.

रुल्फीन येल्टाला घेऊन माझ्या खोलीत आली. "तुमच्याकडे वीस मिनिटं आहेत?"

"मला कुठे शिकवता येतं?"

"शिकवू नका. फक्त ऐका. सत्तावीस मुलांतून मला ऐकायला होत नाही."

मग रोज दहा वाजता येल्टा माझ्या स्टुलावर बसून वाचायची. आधी माझ्याकडच्या पाना-पक्कडींच्या खोक्यांवरची नावं, मग घोड्यांचं एक पुस्तक. अडली की मी थांबायचो. कधीकधी फार वेळ थांबावं लागायचं.

या सगळ्यावर कॉलेजची चिंतनपत्रिका. दर आठवड्याला एक. काय करायचं ठरवलं होतं, काय केलं, काय वाटलं, आणि शेवटचा प्रश्न ठरलेला: पुढच्या वेळी तुम्ही काय वेगळं कराल? रुल्फीन जेवणाच्या सुट्टीत चीज-पाव खात ती माझ्या टेबलावर भरायची. एकदा तिने पेन आपटलं.

"काय लिहू? आज एक पोरगं ओकलं, दोघांनी मारामारी केली, अपूर्णांक झाले नाहीत. पुढच्या वेळी मी काय वेगळं करेन? दोन माणसं होईन!"

"तेच लिही."

तिने तेच लिहिलं. पत्रिका परत आली, कडेला तिचे मार्गदर्शक वाउटर यांचा शेरा: 'तुम्ही प्रश्न बाहेर शोधता. स्वतःकडे वळा.'

वाउटर नोव्हेंबरात तपासणीला आले. पस्तिशीचा सभ्य माणूस, सायकलवरून उतरल्या उतरल्या माझ्याशी हात मिळवला. वर्गात पाऊण तास बसले आणि हातातल्या यादीवर खुणा करत राहिले. धड्याचं उद्दिष्ट फळ्यावर लिहिलेलं नव्हतं, एक खूण गेली. मुलांनी जोड्या करून चर्चा केली नाही, दुसरी गेली. नंतर दोघं माझ्या खोलीच्या बाहेर बोलत उभी होती. दार उघडं होतं. लावायचं माझ्या मनात आलं नाही.

"वर्गशिक्षिका कुठे आहेत?" वाउटरनी विचारलं.

"घरी. ऑक्टोबरपासून."

वाउटरनी पेनाला टोपण लावलं.

"हे मी ऐकलं नाही असं समजा," वाउटर हळू आवाजात म्हणाले. "मी हे नोंदवलं, तर तुमचं सरावाचं अर्धं वर्ष बाद. नियमानुसार ते धरताच येत नाही. तुमचंच नुकसान."

"मुलांचं काय?"

"तो शाळेचा प्रश्न आहे, रुल्फीन. तुम्ही तुमच्या उद्दिष्टांकडे बघा."

ते गेल्यावर ती आत आली आणि वजनकाट्यावरच्या दिवसांतली एक अस्सल शिवी हासडली. येल्टा स्टुलावरच बसली होती. "ही मला वाचता येईल," ती म्हणाली. तेवढ्यापुरतं आम्ही तिघंही हसलो.

नोव्हेंबरच्या शेवटी पालकभेटी होत्या. एका पालकाला दहा मिनिटं. मार्खाबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "शिकाऊ वगैरे कशाला बोलायचं? उगाच घबराट. दारावर तुझं नाव आहेच की." येल्टाची आई गोठ्यातली कामं उरकून आली होती, मोजे बदलायचे राहिले होते. तिने विचारलं, "बाई, हिचं बरं चाललंय ना? घरी टॅब्लेटवर सगळं हिरवं दिसतं."

आणि रुल्फीन म्हणाली, "चांगलं चाललंय."

हे तिने मला दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा उघडायच्या आधी सांगितलं. डोळे सुजलेले होते. "बावीस वर्षं मी कोणाला एक किलो खोटं सांगितलं नाही, टोनिस. आणि त्या बाईच्या तोंडावर म्हटलं, चांगलं चाललंय." मग पिशवीतून एक कागद काढला. "याच्या अठ्ठावीस प्रती हव्यात."

मी वाचलं. थोडक्यातच होतं. 'अकरा ऑक्टोबरपासून तुमच्या मुलांना शिक्षक नाही. मी आहे, पण मी अजून शिक्षिका नाही, शिकते आहे. दर शुक्रवारी तुमची मुलं खुर्च्या घेऊन दुसऱ्या वर्गांत बसतात. काही मुलांना वाचता येत नाही आणि टॅब्लेट ते सांगत नाही. हे तुम्हाला कोणी कळवलं नाही, म्हणून मी कळवते. काल मी तुमच्यापैकी काहींना खरं सांगितलं नाही, त्याबद्दल माफी असावी.' खाली सही.

"तुझं अर्धं वर्ष जाईल," मी म्हटलं.

"माहीत आहे."

"आणि मला मार्खाबाई खातील."

"तुम्ही यंत्र नुसतं चालू करून द्या. बटण मी दाबते."

बटण मीच दाबलं. उगाच मोठेपणा म्हणून नव्हे. ते यंत्र माझ्याशिवाय कोणाचं ऐकत नाही.

त्या दुपारी शाळेच्या फाटकात जो काही गोंधळ झाला, तो विचारू नका. एक बाप ओरडत होता की आम्हाला मूर्ख समजता का. एका आजीने रुल्फीनला घरी केलेला केक आणून दिला. दंतवैद्याच्या बायकोने रुल्फीनलाच सुनावलं, "शिकाऊ होतात तर वर्गात उभं राहायची हिंमतच कशी झाली?" येल्टाची आई आली नाही. तिने फोन केला आणि रुल्फीनशी अर्धा तास बोलली. काय बोलली, ते रुल्फीनने मला सांगितलं नाही.

मार्खाबाई शाळेच्या स्वयंपाकघरात कपाटाला टेकून उभ्या होत्या. "तू शाळेची लाज काढलीस," त्या म्हणाल्या. आवाजात राग कमी होता, थकवाच जास्त. "मी काय करायला हवं होतं ते सांग. एकोणीस जणांना विचारलं मी. एकोणीस!"

"हेच पालकांना सांगायचं होतं," रुल्फीन म्हणाली. "एकोणीस जणांना विचारलं, कोणी मिळालं नाही, एवढंच."

"मग त्यांनी मुलं काढून नेली असती. पोरं कमी झाली की शाळा बंद. मग?"

मी कॉफी ठेवली.

आठ दिवसांत आमची शाळा चालवणाऱ्या संस्थेने शिक्षक दिला. दीड महिना जो मिळत नव्हता तो आठ दिवसांत आला: हार्मसर, पंचवीस वर्षांचा अनुभव, शांत माणूस. पालक खूश झाले. येल्टाचं त्यांनी नीट ऐकून घेतलं, तिच्यासाठी शहरातून वाचनाच्या तज्ज्ञ बाई आठवड्यातून दोनदा यायला लागल्या. माझ्या स्टुलावर बसायची गरज राहिली नाही, आणि ते योग्यच झालं.

हार्मसर आले कुठून, हे रुल्फीनला बेकरीत कळलं. संस्थेच्याच दुसऱ्या शाळेतून, कालव्याच्या पुढच्या वळणावरच्या गावातून. तिथले दोन वर्ग आता एकाच खोलीत बसतात, एकोणचाळीस मुलं. बेकरीवाली तिला म्हणाली, "आमच्या नातवाच्या वर्गात आता खिडकी उघडायलाही जागा नाही. तुम्ही लोकांनी पत्र लिहिलं म्हणे?"

रुल्फीन पाव न घेताच घरी गेली. चार दिवसांनी ती माझ्या खोलीत आली. म्हणाली, "मी खड्डा बुजवला नाही, टोनिस. पुढे सरकवला."

"पत्र लिहायला नको होतंस असं वाटतं?"

"नाही. लिहायलाच हवं होतं. म्हणून तर चीड येते."

कॉलेजने अर्धं वर्ष बाद केलं. वाउटरनी आपलं नाव सांभाळून फार गोड पत्र लिहिलं. शेवटच्या चिंतनपत्रिकेवर रुल्फीनने एकच ओळ लिहून पाठवली: 'पुढच्या वेळी मी पहिल्याच आठवड्यात कळवेन.' त्यातही ती नापास झाली.

सोडून देईल असं गावाला वाटलं. कारखान्याने परत बोलावलं होतं. वजनकाट्यावरच्या नव्या माणसाला एप्पो सर्रास माती विकतो म्हणे. पण फेब्रुवारीत ती पुन्हा सरावाला गेली, वीस किलोमीटरवरच्या शाळेत. पहिल्या दिवशी तिथल्या मुख्याध्यापिकेसमोर तिने कोरा कागद ठेवला. "माझ्यासोबत वर्गात कोण असेल, त्यांचं नाव इथे लिहून द्या. आणि त्या आजारी पडल्या तर तुम्ही पालकांना कधी कळवणार, ती तारीख."

त्या बाई आधी हसल्या. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पेन मागितलं. नाव लिहिलं. तारखेच्या जागी त्यांनी लिहिलं, 'त्याच दिवशी.'